नॉन-स्टॉप फ्लाइट आणि दोन सारख्या टेकड्या: एका उद्घोषणेचं प्रकरण

प्रकरण चाळीसेक सेकंदांच्या एका इंग्रजी उद्घोषणेचं आहे. विमानतळावरच्या ग्राउंड स्टाफच्या नोकरीसाठी आवाजाची चाचणी होती. उमेदवार काटोलकडची मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे नागपुरात बी.कॉम. मराठी आणि हिंदी उद्घोषणा तिने पहिल्याच झटक्यात काढल्या. इंग्रजीवर मात्र शेरा आला: ‘उच्चार स्वच्छ, पण वाचन सपाट. यादी वाचल्यासारखं वाटतं. पुन्हा चाचणी घ्यावी.’ सपाट म्हणजे काय आणि नेमकं कुठे, ते सांगायची तसदी कोणी घेतली नव्हती. शेरे मारणाऱ्यांचं हे नेहमीचंच. खटकलेलं त्यांना कळतं, पण का खटकलं ते सांगायची वेळ आली की ‘सराव करा’ म्हणून मोकळे होतात.

मी नागपुरात धंतोलीत उच्चाराचे छोटे वर्ग घेते. ती आली तेव्हा सोबत मजकुराचा कागद होता आणि मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग. पुढचं सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मजकूर असा होता: ‘पॅसेंजर्स ऑन द नॉन-स्टॉप फ्लाइट टू दिल्ली, प्लीज नोट अ लास्ट-मिनिट गेट चेंज. बोर्डिंग विल बिगिन इन ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स, स्टार्टिंग विथ रोज थर्टीन टू थर्टी. कॅरी-ऑन बॅग्ज मस्ट फिट अंडर द सीट. फॉर सेल्फ-सर्व्हिस चेक-इन, प्लीज सी द स्टाफ अ‍ॅट द काउंटर.’

बोर्डिंग पंचवीस मिनिटांवर आलेलं असताना चेक-इन कसं करायचं ते कोण सांगतं, असं कोणीही विचारेल. पण मजकूर प्रवाशांसाठी नव्हताच, कानांसाठी होता. एवढ्याशा जागेत हायफनचे सहा जोडशब्द कोंबले होते आणि चाचणी घेणाऱ्याला तेच ऐकायचे होते, हे उघड आहे.

या लेखात आघात कुठे पडतो ते दाखवायला त्या सिलॅबलच्या आधी ' अशी खूण केली आहे. सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. ते जिथे तुटतं तिथे · असा ठिपका आहे.

रेकॉर्डिंगमध्ये काय होतं

आधी कानाने ऐकलं, मग प्राटमध्ये टाकलं. प्राट हे अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे. आवाजाची उंची (म्हणजे सूर किती चढा), लांबी आणि मोठेपणा ते आलेखात दाखवतं. विद्यार्थ्याला ‘तुझा आघात चुकतो’ असं तोंडाने सांगण्यापेक्षा पडद्यावर रेघ दाखवली की वाद मिटतो.

‘नॉन-स्टॉप’पाशी आवाजाच्या उंचीची रेघ दोनदा चढली होती आणि दोन्ही वेळा जवळपास सारखीच. मधे हायफनच्या जागी बारीकशी फट, आवाज चक्क थांबलेला. लास्ट-मिनिट, सेल्फ-सर्व्हिस, कॅरी-ऑन, सगळीकडे तेच. दोन समान उंचवटे आणि मधे खाच. नागपुरात बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या किल्ल्याखाली एक मोठी टेकडी आहे आणि एक छोटी. इंग्रजी जोडशब्दाला तशी जोडी लागते. हिच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही टेकड्या मोठ्या होत्या, आणि सहा शब्दांत मिळून बारा.

तिला दाखवलं तर ती म्हणाली, “मॅडम, मी तं दोन्हीले सारखाच जोर देऊन राहिली. मंग प्रॉब्लेम कुठं आहे?”

प्रॉब्लेम तोच होता, फक्त तिला ते चांगलं काम वाटत होतं. ती ज्या प्रशिक्षणवर्गाला आधी जात होती तिथल्या छापील नोट्समध्ये स्पष्ट लिहिलं होतं की हायफन आला की किंचित थांबावं आणि दोन्ही भाग सारखे स्पष्ट म्हणावेत. मुलगी मेहनती. जे सांगितलं ते तिने तंतोतंत केलं.

पण सगळा दोष नोट्सना देणं मला पटत नाही. नोट्स नसत्या तरी तिने असंच वाचलं असतं, आणि त्याचं मूळ आपल्या मराठी वाचनात आहे. मराठीत हायफन आपल्याला बहुतेक कुठे भेटतो? आई-बाबा, चहा-पाणी, भाजी-भाकरी, ये-जा, देणं-घेणं. जवळजवळ सगळे द्वंद्व समास, दोन्ही पदं मानाने सारखी. ज्या समासांत एक पद दुसऱ्याच्या ताब्यात असतं ते आपण सहसा जोडूनच लिहितो: देवघर, पोळपाट, घरजावई. म्हणजे हायफन दिसला की दोघांना सारखा मान, हे मराठी वाचणाऱ्या डोळ्याला लहानपणापासून पक्कं झालेलं असतं. इंग्रजी नॉन-स्टॉप, लास्ट-मिनिट हे द्वंद्व नाहीत. तिथे ही सवय आड येते.

इंग्रजी हायफन आघाताबद्दल काहीच सांगत नाही. याचा माझ्या आवडीचा पुरावा २००७ सालचा आहे. त्या वर्षी शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाच्या सहाव्या आवृत्तीतून सुमारे १६,००० शब्दांचे हायफन काढून टाकले. टेस्ट-ट्यूब सुटा झाला, चिक-पी म्हणजे आपला काबुली चणा जोडून लिहिला जाऊ लागला. उच्चार तसूभरही हलला नाही. आधीही 'टेस्ट ट्यूब, नंतरही 'टेस्ट ट्यूब. हायफन डोळ्यांच्या सोयीसाठी येतो आणि संपादकांच्या मर्जीने जातो.

कोश बघितल्यावर बिघडलं ते

माझ्याकडे येण्याआधी तिने स्वतःही एक उपाय केला होता, आणि प्रकरणातला हा भाग मला सर्वांत बोधक वाटतो. शेरा वाचून ती उच्चारकोशाकडे गेली. कोशात नॉन-'स्टॉप सापडलं, लास्ट-'मिनिट सापडलं, सेल्फ-'सर्व्हिस, ट्वेंटी-'फाइव्ह. मुख्य आघात सगळीकडे दुसऱ्या भागावर. तिने तसा सराव केला आणि ‘नॉन-'स्टॉप 'फ्लाइट’, ‘लास्ट-'मिनिट 'गेट चेंज’ असं वाचलेलं नवं रेकॉर्डिंग मैत्रिणींना ऐकवलं. ते आधीपेक्षाही अवघडल्यासारखं वाटत होतं. तिचा कोशावरचाच विश्वास उडाला.

कोश बरोबर होता. तो शब्द एकटा असताना कसा म्हणतात ते सांगतो. वाक्यात शब्द एकटा नसतो.

हायफनच्या विशेषणांची साधारण चाल अशी आहे. शब्द एकटा असला किंवा वाक्याच्या शेवटी आला की मुख्य आघात दुसऱ्या भागावर: ‘द फ्लाइट इज नॉन-'स्टॉप’. लगेच पुढे आघाताचंच नाम आलं तर दोन ठोके एकमेकांवर आदळतात, स्टॉप-फ्लाइट, ठक-ठक. इंग्रजीला ही टक्कर सहन होत नाही. मग जोडशब्दातला ठोका मागे पहिल्या भागावर येतो: ‘अ 'नॉन-स्टॉप 'फ्लाइट’. सेकंड-'हँड, पण 'सेकंड-हँड 'कार. ओल्ड-'फॅशन्ड, पण 'ओल्ड-फॅशन्ड 'हॅट. थर्टीन, फोर्टीन हे आकडेही याच चालीने चालतात: थर्'टीन, पण 'थर्टीन 'मेन. भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन आणि अ‍ॅलन प्रिन्स यांच्या १९७७ च्या लेखानंतर इंग्रजीच्या लयीची चर्चा या उदाहरणांशिवाय होतच नाही. कार्लोस गुसनहोवेन यांनी १९९१ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते ठोका सरकत नाही. दोन्ही भागांवर ठोके असतातच, फक्त टक्कर होते तेव्हा दुसरा गळून पडतो. शिकवताना मला ही दुसरी मांडणी जास्त कामाची वाटते, कारण मुलांना काही नवीन करायला सांगावं लागत नाही, एक ठोका सोडायला सांगितलं की झालं.

जॉन वेल्स यांच्या १९९० साली निघालेल्या लॉन्गमन उच्चारकोशात अशा शब्दांपुढे एक छोटा काळा त्रिकोण असतो. अर्थ इतकाच की नामापुढे आला तर हा शब्द आघात बदलेल. तिने पाहिलेल्या नोंदींवरही तो असणार. त्रिकोणाचा अर्थ कोशाच्या सुरुवातीच्या पानांत दिलेला असतो, आणि ती पानं वाचणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

नामं वेगळी चालतात. चेक-इन, टेक-ऑफ, ड्रॉप-ऑफ, कॅरी-ऑन ही क्रियापदांपासून झालेली नामं. यांचा आघात पहिल्या भागावर असतो आणि तिथून हलत नाही: 'चेक-इन, 'चेक-इन काउंटर. तेच क्रियापद म्हणून आलं की उलटं होतं: ‘प्लीज चेक 'इन’. उद्घोषणेत दोन्ही रूपं येऊ शकतात, म्हणून हा फरक मी तिला दुसऱ्याच तासाला दिला. या गटाला अपवाद आहेत. रनर-'अप, पासर-'बाय असे शब्द शेवटी आघात घेतात. विमानतळावर त्यांचं फारसं काम पडत नाही, म्हणून ते बाजूला ठेवले.

सोपी पळवाट

इथपर्यंत आलो आणि एक गंमत लक्षात आली. कागदावरचे सहा शब्द पुन्हा बघा. नॉन-स्टॉपपुढे फ्लाइट, लास्ट-मिनिटपुढे गेट, ट्वेंटी-फाइव्हपुढे मिनिट्स, सेल्फ-सर्व्हिसपुढे चेक-इन. चौघांचा ठोका पहिल्या भागावर येतो. उरलेली दोन नामं, कॅरी-ऑन आणि चेक-इन, मुळातच पहिल्या भागावरची. म्हणजे या मजकुरापुरतं ‘हायफन दिसला की पहिल्यावर ठोक’ हा नियम शंभर टक्के चालतो!

तिच्या मैत्रिणीने तिला नेमका हाच सल्ला दिला होता. “एवढं कायले डोकं लावतं? पहिल्यावर मार न.” मैत्रीण पास झाली होती, त्यामुळे सल्ल्याला वजन होतं.

मी तो घेऊ दिला नाही. तत्त्वाचा आव आणून नाही, सरळ हिशेब होता. दुसऱ्या चाचणीला मजकूर बदलणार, आणि मजकूर जुळवणाऱ्याला थोडं जरी कळत असेल तर तो तेच शब्द वाक्याच्या शेवटी टाकणार. तिथे ‘द फ्लाइट इज 'नॉन-स्टॉप’ असं वाचलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की कोणीतरी ‘वन-स्टॉप’ म्हणालं होतं आणि ही बाई त्याला दुरुस्त करते आहे. इंग्रजीत पहिल्या भागावर असा आघात दिला की त्यातून विरोध ऐकू येतो.

जोर म्हणजे मोठा आवाज नव्हे

नियम समजला तरी तोंडाला बसायला वेळ लागला. पहिली अडचण अशी की आघात द्यायचा म्हटलं की ती आवाज मोठा करायची. ‘नॉन’ ओरडून, ‘स्टॉप’ हळू. उंचीची रेघ मात्र जिथल्या तिथे.

ध्वनिशास्त्रज्ञ डी. बी. फ्राय यांनी १९५५ आणि १९५८ मध्ये कृत्रिम आवाजावर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. त्यांनी ऑब्जेक्ट, सब्जेक्ट असे शब्द घेतले, ज्यांचं नाम आणि क्रियापद फक्त आघाताने ओळखू येतं. मग आवाजाची लांबी, मोठेपणा, उंची आळीपाळीने बदलून ऐकणाऱ्यांना विचारलं. ऐकणाऱ्यांचा निर्णय मोठेपणापेक्षा लांबीने जास्त बदलला, आणि उंचीतल्या बदलाने तर फारच ठामपणे. मायक्रोफोनवर बोलणाऱ्या माणसाला हे कळणं गरजेचं आहे. लाउडस्पीकर मोठेपणाची तशीही वाट लावतो. ओरडलेला शब्द हॉलमध्ये फाटून येतो, लांबवलेला आणि उंच केलेला शब्द पोचतो.

मराठीत आपण हे करतच नाही असं नाही. ‘मी 'काल आले’ आणि ‘'मी काल आले’ यांत आपण आवाज चढवूनच फरक करतो. पण तो वाक्यातला भर झाला. शब्दाच्या आत कोणता भाग उंच यावर मराठीत अर्थ ठरत नाही. आपली वृत्तंसुद्धा लघु-गुरूवर चालतात, भुजंगप्रयातात आघात कुठे येतो असं कोणी विचारत नाही. त्यामुळे वाक्यात तिला जे सहज येत होतं तेच शब्दात उतरवायचं होतं. मी तिला मराठीत चिडून ‘'मी नाही गेले’ म्हणायला सांगितलं आणि ‘मी’वर गळा कसा वर जातो ते हात लावून बघायला लावलं. मग तोच गळा ‘नॉन’वर. हे लगेच जमलं.

जमलं आणि उलट्या बाजूला गेलं. पहिला भाग इतका उंच गेला की दुसरा गिळला जाऊ लागला. चेक-इनचं ‘चेकन’, कॅरी-ऑनचं ‘कॅरिअन’. इंग्रजीत ज्यावर आघात नाही तो स्वर पुसट होतो हे तिने कुठेतरी वाचलं होतं. ते खरं आहे, पण जोडशब्दाच्या दुसऱ्या भागाला सहसा लागू नाही. त्याच्याकडे दुय्यम आघात राहतो आणि त्याचा स्वर पूर्ण राहतो. ब्लॅकबोर्डमधला ‘बोर्ड’ पूर्ण म्हणतात. कपबोर्डमध्ये मात्र ‘कबर्ड’ झालं, प गेला, स्वर गेला, कारण तो जोडशब्द इतका जुना झाला की इंग्रजांना त्यातला कप आणि बोर्ड आता ऐकूच येत नाहीत. हायफनचे शब्द अजून तिथवर पोचलेले नाहीत. छोटी टेकडी सपाट करायची नाही, एवढं सांगितल्यावर ती हसली आणि पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘इन’ परत आला.

सांधा

आघातापेक्षा जास्त वेळ खरं तर सिलॅबलच्या सांध्यावर गेला. शेऱ्यात याचा उल्लेखही नव्हता.

लास्ट-मिनिटमध्ये तीन सिलॅबल आहेत: लास्ट·मि·निट. ती चार म्हणत होती: लास·ट·मि·निट. सेल्फ-सर्व्हिसचंही तसंच, तीनऐवजी चार, ‘सेल·फ·सर·व्हिस’. हायफनपाशी थांबायची सवय असल्यामुळे शेवटच्या व्यंजनाला सुटायला जागा मिळायची आणि त्यात बारीक अ शिरायचा. लिपीही साथ देत नाही. देवनागरीत ‘फाइव्ह’ लिहिलं की तीन अक्षरं दिसतात, प्रत्यक्षात सिलॅबल एक. शाळेत अक्षरं मोजायला शिकलेल्या मुलीला हे नव्याने मोजायला लागतं. हनुवटीखाली हात ठेवून जबडा किती वेळा पडतो ते मोजायचं, हा जुना उपाय अजूनही चालतो.

थांबा काढला आणि भरभर म्हणायला सांगितलं तर नवीनच निघालं. नॉन-स्टॉप आता ‘नॉनस्·टॉप’ झालं. हीही शुद्ध मराठी सवय. आपण पुस्तक म्हणताना पुस्·तक तोडतो, मास्तरचं मास्·तर. मधे स्त आला की स अलीकडे, त पलीकडे. इंग्रजी जोडशब्दात मात्र जिथे शब्द जोडला आहे तिथेच तुटतो. नॉन्·स्टॉप. स आणि ट दोघेही पलीकडे.

फरक खरंच ऐकू येतो का? येतो, आणि तो ओळखायला मराठी कान तयारच असतो. इंग्रजीत आघाताच्या सिलॅबलच्या सुरुवातीला एकटा ट आला की त्यात ह मिसळतो, आपल्या ठच्या जवळ जातो. सच्या मागून आला की कोरडा ट राहतो. म्हणून ‘नॉनस्·टॉप’ असं तोडलं की इंग्रज कानाला पलीकडे ठसारखं काहीतरी अपेक्षित असतं आणि ते मिळत नाही. ग्रेट एप आणि ग्रे टेप ही वर्गातली नेहमीची जोडी. इंग्रज म्हणतो तेव्हा दुसरीत ‘ग्रे ठेप’ ऐकू येतं, पहिलीत नाही. टोस्ट-रॅक आणि टो-स्ट्रॅप यांत तर सांध्यापाशी व्यंजनांचा क्रमही तोच, सांधा तेवढा वेगळा. टोस्टमधला ओ आखूड, टोमधला ऐसपैस. मराठीत ट आणि ठ हे वेगळे वर्ण आहेत, ताट आणि ताठ यांची गल्लत कोणी करत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांना हा ह कागदाचा कपटा तोंडापुढे धरून दाखवावा लागतो. आपल्या मुलांना ‘इथे ठ म्हण’ एवढं पुरतं. ही मिळकत आपण वर्गात वापरत का नाही, हे मला कळत नाही.

पार्ट-टाइम हा तिच्या कागदावर नव्हता, पण सरावाला घेतला. नागपुरात हा शब्द दर दुसऱ्या खांबावर चिकटवलेला असतो. ती म्हणायची ‘पार्ट, टाइम’. इंग्रजीत पहिला ट सुटतच नाही. जीभ टाळूला लागते, थांबते आणि एकदाच सुटते. मी तिला ‘कट्टा’ म्हणायला सांगितलं. तिथे आपण नेमकं हेच करतो. मग ‘पार्ट्टाइम’ आपोआप आलं. चेक-इनमध्ये याच्या उलट, थांबाही नको आणि ओढूनताणून जोडणंही नको. क अलीकडच्या घरातला, पण दार उघडं.

तेरा की तीस

रोज थर्टीन टू थर्टी, म्हणजे तेरा ते तीस क्रमांकाच्या रांगा. यादी वाचल्यासारखं वाटणं ही शैलीची तक्रार झाली, पण हा गोंधळ प्रवाशाला प्रत्यक्ष रांगेत भोवतो. गजबजलेल्या हॉलमध्ये शेवटचा न ऐकू येत नाही. उरतो तो आघात: थर्'टीन आणि 'थर्टी. ती दोन्ही 'थर्टी-सारखे म्हणत होती.

का, ते तिला मोजायला सांगितल्यावर समजलं. इलेव्हन, ट्वेल्व्ह, 'थर्टीन, 'फोर्टीन, 'फिफ्टीन. सगळे टीन एका ओळीत आले की वेगळा असतो तो पहिला भाग, म्हणून मोजताना इंग्रजसुद्धा पहिल्यावर आघात देतो. आपल्याकडे हे आकडे शाळेत मोजणीच्या तालावर पाठ होतात आणि त्याच तालासकट डोक्यात बसतात. पुढे वाक्यात थर्'टीन लागतं तेव्हा ते कुठूनच येत नाही. हे सुधारायला मी तिला आकडे मोजायची बंदी घातली. फक्त वाक्यं. ‘माय रो इज थर्'टीन.’ ‘गेट 'थर्टी.’ ती मेट्रोने येताना व्हॉट्सअ‍ॅपवर वाक्यं रेकॉर्ड करून पाठवायची. मागे स्टेशनांची उद्घोषणा चाललेली, त्यामुळे गोंगाटात ऐकू येतं की नाही याची चाचणी फुकटात झाली.

कोणाच्या कानासाठी?

माझ्या ओळखीचे एक इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक हे सगळं ऐकून म्हणाले, “नागपूरच्या विमानतळावर ऐकणारे कोण? तुझ्या-माझ्यासारखेच. त्यांना नॉन-स्टॉप सपाट ऐकून कधी अडलंय?”

त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. भारतीय इंग्रजीची स्वतःची लय आहे आणि ती कमी दर्जाची नाही. ‘न्यूट्रल अ‍ॅक्सेंट’ मागणाऱ्या कंपन्यांना तो शब्द समजावून सांगा म्हटलं तर बहुतेकांची पंचाईत होईल. उद्घोषणा मराठी-हिंदीतही होतेच.

उरलेलं अर्धं मान्य नाही. भाषा ऐकण्याचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ मध्ये दाखवलं की इंग्रजी ऐकणारा ठळक सिलॅबल आलं की तिथे नवा शब्द सुरू झाला असं धरतो. बारा सारख्या टेकड्या दिल्या तर त्याला बारा शब्द सुरू झाल्यासारखे वाटतात, आणि तो अर्थ जुळवत बसतो तोवर गेट बदललेलं असतं. दिल्लीहून पुढे जाणारा परदेशी माणूस त्या हॉलमध्ये एखादाच असेल, पण इंग्रजी उद्घोषणा मुख्यतः त्याच्यासाठीच असते. आपल्यासाठी बाकीच्या दोन आहेत.

आणि मुलीला नोकरी हवी होती. वसाहतवादावरचा वाद तिच्या खर्चाने घालायचा मला अधिकार नव्हता.

दुसरी चाचणी

मजकूर बदलला होता. ‘धिस फ्लाइट इज नॉन-स्टॉप’ एका वाक्यात, पुढच्यातच ‘अवर नॉन-स्टॉप सर्व्हिस’. एकीकडे ‘प्लीज चेक इन’, दुसरीकडे ‘चेक-इन काउंटर्स’. रोज वन टू थर्टीन होतंच. पहिल्यावर मारण्याचा नियम इथे निम्म्या जागी फसला असता. पहिल्या वाक्यात नॉन-'स्टॉप आणि दुसऱ्यात 'नॉन-स्टॉप तिने बरोबर घेतले. तिच्या मते ‘चेक 'इन’ला ती जरा अडखळली. आवाजाची फेरी पास झाली. शेरा: ‘खूप सुधारणा.’ कशात, ते याही वेळी लिहिलेलं नव्हतं.

तिचं काम संपलेलं नाही. तीन भागांचे शब्द अजून अडतात. ‘ट्वेंटी-फोर-अवर हेल्पलाइन’ वाचताना तीन सारखे ठोके पडतात, कारण मधल्या ‘फोर’ला ती सोडायला तयार नाही. तिथे हवं 'ट्वेंटी-फोर-अवर 'हेल्पलाइन, दोनच ठोके, आणि मधले ‘फोर’ आणि ‘अवर’ स्वर न गिळता पटकन पार करायचे. सध्या ते टेबलावर टिचक्या मारत चाललं आहे. टिचकी ट्वेंटीला, टिचकी हेल्पला, मधे हात वरच. मधेच हात खाली आला की ती स्वतःच “थांबा न मॅडम, पुन्हा घेतो” म्हणते, आणि आम्ही वाक्य पहिल्यापासून घेतो.